ते इंजेक्शन तुम्हाला का मिळालं नाही

तिघंही उभे राहा. चंडीमंदिर छावणीच्या फाटकाबाहेर गाडीची धडक बसलेलं कुत्रं तडफडत होतं. त्याला तसंच टाकून तुम्ही आजोबांची जुनी चिठ्ठी घेऊन पंचकुल्याच्या मेडिकलमध्ये ‘कायमचं झोपवायचं इंजेक्शन’ मागायला गेलात! दुकानदाराने हाकललं, तर वर त्यालाच निर्दय म्हणता?

तुम्ही मागितलेलं ते औषध म्हणजे पेंटोबार्बिटल. ते औषध नियमांच्या शेड्यूल एक्स या यादीत येतं. त्याला डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो आणि साठा कुलपात असतो. 1985च्या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतही ते आहे. त्याने माणूसही मरतो, कळलं?

आणि मिळालं असतं तर? शीर कोण शोधणार होतं? किती द्यायचं, कुणाला ठाऊक होतं? ‘पोटॅशियम क्लोराइड टोचू’ असंही कुणीतरी म्हणालं म्हणे. शुद्धीत असलेल्या जनावराला ते टोचलं तर आधी आग होते, मग हृदय थांबतं. असंच हृदयात स्ट्रिक्निन हे विष टोचून मारणं तर प्राण्यांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1960च्या कायद्याने नाव घेऊन गुन्हा ठरवलंय. 

भटक्या कुत्र्यांसाठीचे 2023चे नियम वाचा. कुत्रं बरं होणारच नाही, हे नेमलेल्या पथकाने ठरवायचं. औषध पात्र पशुवैद्यानेच द्यायचं, तेही दुसऱ्या कुत्र्याच्या देखत नाही. मेल्याची खात्री करायची, कारण नोंदवायचं. दुसऱ्या कुत्र्याच्या देखत नाही! लिहिणाऱ्याने त्याच्या भीतीचाही विचार केला. तुम्ही कशाचा केलात?

मोठ्यांनाही मी सोडणार नाही. नियमात पेंटोबार्बिटलचं नाव छापलं, पण ज्या निवाऱ्यात रात्री पशुवैद्यच नसतो, तिथलं जनावर सकाळपर्यंत विव्हळतं. कुलूप हवंच, पण ते उघडण्याचा अधिकार असलेला माणूसही हजर हवा. ही मागणी करा, अर्ज लिहा. मी सही करते.

तुमचे वडील लष्करात आहेत, म्हणून हेही ऐका. कामातून गेलेल्या लष्करी कुत्र्यांना मरण दिलं जायचं, हे 2015मध्ये माहिती अधिकारात समोर आलं. लोक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारने त्या कुत्र्यांच्या सांभाळाचं धोरण आखायची तयारी दाखवली. त्या लोकांनी आधी जगवायचं कसं, हे विचारलं.

तुमच्या कुत्र्याचा फक्त पाय मोडलाय. एका जवानाने त्याला दवाखान्यात नेलं. आज शाळा सुटल्यावर तिघंही तिथे जाल, आणि जाताना आधी दुकानदाराची माफी मागाल.