वरून पाहिलेली घरं

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा मी पुण्यात टाळेबंदीत घरी बसलो होतो. नकाशांचं सॉफ्टवेअर हे माझं रोजचं काम, त्यामुळे मदतकार्य करणाऱ्या एका गटाने विचारल्यावर लगेच हो म्हटलं. वादळाआधीचं आणि नंतरचं उपग्रहचित्र क्यूजीआयएसमध्ये एकावर एक ठेवायचं, प्रत्येक घराच्या बाह्यरेषेवर क्लिक करायचं आणि चारांपैकी एक शेरा द्यायचा : उद्ध्वस्त, नुकसान झालेलं, नुकसानाची शक्यता, दृश्य नुकसान नाही. ही वर्गवारी माझी नव्हे. युरोपची कोपर्निकस सेवाही आपत्तीनंतरच्या नकाशांत साधारण अशीच वापरते. ताडपत्र्या आणि पत्रे आधी कुठल्या वाडीला पाठवायचे, ते या यादीवरून ठरणार होतं.

पहिल्या संध्याकाळी मी माझ्या मावशीचं घर असलेली वाडी केली. तिच्या घराला 'दृश्य नुकसान नाही' दिलं आणि खरं सांगायचं तर हुश्श केलं. तिकडचे फोन बंद होते.

चौथ्या दिवशी फोन लागला. मागची जांभ्याची भिंत आत कोसळली होती. कौलं निसटून दोन खोल्यांत पाणी आलं होतं, तांदूळ भिजला होता, आणि ती शेजारच्या पडवीत झोपत होती. मी म्हटलं, "मावशी, मी चित्रात बघितलं होतं तुझं घर. छप्पर धड दिसत होतं." ती म्हणाली, "अरे, छप्पर आहेच की. खाली घर नाहीये."

चित्रात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे 50 सेंटिमीटर. मंगलोरी कौल साधारण 40 सेंटिमीटर लांबीचं. म्हणजे कौल सरकलं, फुटलं, तरी वरून लाल ते लालच. भिंत तर दिसतच नाही. हे मला ठाऊक होतं. 2013 साली फिलिपिन्समध्ये हैयान वादळानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवर अशाच खुणा केल्या होत्या, आणि पुढे जमिनीवर पडताळणी झाली तेव्हा त्या पुरेशा भरवशाच्या नसल्याचं निघालं होतं. हे वाचलेलं असूनही 'दृश्य नुकसान नाही' यातला 'दृश्य' हा शब्द मी त्या संध्याकाळी गिळून टाकला होता.

फोन ठेवल्यावर मी फाइल उघडली, मावशीच्या घराचा शेरा बदलून 'नुकसान झालेलं' केला आणि टिपणाच्या रकान्यात लिहिलं : स्थानिक माहिती. मिनिटभराचं काम. यात खोटं काहीच नव्हतं.

मग त्याच वाडीतली बाकीची 43 घरं दिसली. तीच कौलं, तोच वारा, माझाच शेरा. फरक एवढाच, की त्यांच्यापैकी कुणाचा भाचा फाइलपाशी बसलेला नव्हता.

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने एका प्रसिद्ध उदाहरणाबद्दल लिहिलं आहे. दोघं बुडताहेत, एकालाच वाचवता येणार आहे आणि त्यातली एक आपली बायको आहे. तिला वाचवणं नैतिक चौकटीत बसतं का, असा विचार जो करतो, तो एक विचार जास्तच करतो. मला हे नेहमी पटत आलं आहे. पण तिथे दोघंही समोर दिसतात. इथे मला एकच दिसत होती, आणि उरलेल्यांना न दिसण्याची व्यवस्था मीच लावली होती. शेरा मागे घेणं हा तर शुद्ध मूर्खपणा झाला असता; खरी माहिती पुसून टाकल्याने कुणालाही न्याय मिळत नाही.

मी 43 घरांना 'नुकसानाची शक्यता' दिली. गटातला समन्वयक वैतागला. "मग सगळा किनाराच शक्यतेत टाक. ताडपत्र्या मोजक्या आहेत. ज्यांचे वासे उघडे पडलेत ते तुझ्यामुळे मागे जातील." त्याचं चुकत नव्हतं. धडधाकट घराला पडकं म्हटलं तर एक ताडपत्री वाया जाते. पडक्याला धड म्हटलं तर कुणीतरी पावसात झोपतं. या दोन चुका सारख्या नाहीत, आणि त्यातली कुठली जास्त सोसायची हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते माणूसच ठरवतो, फक्त रंगांच्या तक्त्यात ते दिसत नाही. सरकारी निकषांतही हेच आहे. तेव्हा केंद्राच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला मैदानी भागात 95,100 रुपये होते (निसर्गसाठी राज्याने ते दीड लाख केले), आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला 5,200, तेही किमान 15 टक्के नुकसान असेल तरच. पण तलाठी निदान दारात येतो. त्याच्याशी भांडता येतं, त्याला आत नेऊन भिजलेला तांदूळ दाखवता येतो. माझ्याशी कुणी कसं भांडणार होतं? मी शेरा दिलाय हेच त्यांना माहीत नव्हतं. तलाठ्यावर ओळखीपाळखीचा आरोप होतो आणि नकाशा निःपक्षपाती मानला जातो, ही गंमतच म्हणायची.

शेवटी ते 43 शेरे तसेच राहिले. त्यामुळे कुठली वाडी किती मागे गेली, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दिवाळीत गेलो तेव्हा मागची भिंत उभी राहिली होती, गिलावा व्हायचा होता. मावशी जिच्या पडवीत झोपली होती त्या काकूंनी विचारलं, "तुमच्या त्या नकाशात आमचं घर कुठलं?" मी मोबाइलवर वादळाआधीचं चित्र काढलं. मावशीचं छप्पर सापडलं. त्याच्या शेजारी नुसती गर्द हिरवळ होती. झाडोऱ्याखाली झाकलेलं घर कुणी रेखाटलेलंच नव्हतं; त्यामुळे त्याला शेराही नव्हता, चांगला ना वाईट. 43 मध्ये ते नव्हतंच.

मी काही बोलायच्या आत काकूंनी मोबाइल हातात घेतला आणि त्या हिरव्या गोळ्यावर बोट ठेवलं. "हा आमचा आंबा," त्या म्हणाल्या आणि मावशीला दाखवायला आत गेल्या. अंगणात त्याचं खोड अजून आडवं पडलेलं होतं.