उंबरठ्यावरून पारख

ग्रंथाला आपण देव मानतो. खंडेनवमीला पोथ्यापुस्तकं पाटावर मांडून हळदकुंकू वाहतो, आणि कित्येक घरांत त्या दिवशी ती उघडायची नाहीत अशी रीत असते. हाच भाव दगडात उतरला की मुंबईच्या टाउन हॉलसारखी वास्तू उभी राहते. १८३३ साली पूर्ण झालेली ही इमारत ग्रीक धाटणीच्या खांबांची, आणि तिच्या रुंद पायऱ्या चढून गेल्यावर एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह लागतो. पण हे पावित्र्य नेमकं कुठे वसतं? पुस्तकात, वास्तूत, की एकाचं ज्ञान दुसऱ्याच्या हाती जाण्यात? माझ्या मते ते या देण्याघेण्यातच आहे. म्हणून ग्रंथालयाची पारख खांबांवरून करू नये. आत कोण येऊ शकतं यावरून करावी. एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची. इथल्याच भाषांचा, धर्मांचा अभ्यास करणारी. तरी माणकजी कर्सेटजींच्या रूपाने पहिला भारतीय सभासद तिला मिळाला तो १८४० मध्ये. तोवर या देशाच्या विद्येला आत जागा होती, देशातल्या माणसाला नव्हती. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयाची सुरुवात मात्र १८४७ मध्ये टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कामगारांनी केली. १८७० मध्ये त्याची मालाडच्या पिवळ्या दगडाची इमारत झाली. वरच्या सज्ज्यातल्या आरामखुर्च्या वाचणाऱ्याच्या पाठीचा विचार करतात, आणि मला त्यातच जास्त धर्म दिसतो.

मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा गावाहून ही ग्रंथालयं शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहेत. पण जव्हार-मोखाडा पट्ट्यात ज्ञान घराविना राहिलेलं नाही. वारल्यांच्या लग्नात कुडाच्या भिंतीवर गेरू चढवून तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधे पालघट देवी असते. बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेला कुंचला, आणि हात सवाशिणींचे. धवलेरी ही पुरोहित स्त्री गाऊन लग्न लावते. लग्न उरकलं की चौक जपून ठेवायची धडपड नसते; भिंतीवर तो हळूहळू पुसट होतो. पुढच्या लग्नात तो पुन्हा लिहिला जातो, कारण कुणाला तरी तो येत असतो. तिथे पावित्र्य लिहिण्यात आणि गाण्यात आहे. वस्तू टिकण्यावर ते अवलंबून नाही.

यावर कुणी म्हणेल, भक्ती नसती तर पोथ्या टिकल्याच नसत्या. हे खरं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत घालून शतकानुशतकं जिवापाड जपले. ‘लीळाचरित्र’ आपल्यापर्यंत आलं ते त्या जपण्यामुळे. पण त्याच लिपीने ते इतर मराठी वाचकांपासून दूर ठेवलं, आणि इतिहाससंशोधक राजवाड्यांनी ती उलगडल्यावरच आद्य मराठी गद्याचं दालन सर्वांना खुलं झालं. जपणं हे ऋण आहे आणि ते मान्य करायलाच हवं, पण वाचकाविना ते अर्धवट राहतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. उंबरठाच महत्त्वाचा म्हणता, मग पाड्यावरच्या मुलाला पत्र्याची शेड पुरे म्हणायचं का? मुळीच नाही. २०१७ पासून भिलार गावात लोकांच्या घरांतून पुस्तकं वाचायला मिळतात, ही मोलाची गोष्ट आहे, पण ती चांगल्या इमारतीला पर्याय ठरू नये. उंच छत, भरपूर उजेड, पावसाळ्यात कोरडी राहणारी भिंत हा पोशेऱ्याच्या वाचकाचाही हक्क आहे. फक्त ते वैभव त्याच्यासाठी असावं. फळी त्याच्या हाताला लागावी, मजुरीहून परतणाऱ्या बाईला दार संध्याकाळी उघडं मिळावं, आणि पुस्तक घरी नेताना कुणी संशयाने पाहू नये.

धवलेरीची गाणी अशा ग्रंथालयात ध्वनिमुद्रित करून ठेवावीत का, हे मात्र ग्रंथपालाने ठरवू नये. ती लग्नाच्या मांडवातली आहेत, आणि त्यांच्याबाबतचा शब्द तिचा आणि तिच्या समाजाचा.