नकळत

परसात कुत्रं शिरलं म्हणजे काय होतं, हे ज्याच्या घरी परस आहे त्याला सांगायला नको. आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. आमच्याकडं परस म्हणजे काही शोभेची बाग नव्हे. न्हाणीच्या पाण्यावर वांग्याची आठ-दहा झाडं, तेवढ्याच मिरच्या, हिवाळ्यात मेथीचा वाफा, कुंपणावर गिलक्याचा वेल, एक पपई आणि कोपऱ्यात शेवगा. बाजाराची मिरची शेतात, घरची मिरची परसात. पोरांची माय रोजची भाजी तिथूनच आणते.

आमच्या गल्लीत एक भुरा कुत्रा होता. कुणाचाच नव्हता, म्हणजे सगळ्यांचा होता. सकाळी आमच्या दारात भाकरीचा तुकडा, दुपारी दुसऱ्याच्या. रात्री अनोळखी माणूस गल्लीत आला की सगळ्यात आधी तोच भुंकायचा. पण मे महिना लागला, पारा चाळिशीच्या वर गेला की त्याचा मुक्काम आमच्या परसात. संध्याकाळी वाफ्याला पाणी दिलं की रात्री हा ओली माती उकरायचा आणि त्या गारव्यात अंग टाकायचा. सकाळी बघावं तर रोपं मुळासकट बाहेर. पिकून खाली पडलेली पपईही त्यानं खाल्ली. पोट बिघडलं की कुंपणाजवळची हरळी खायचा आणि तिथंच ओकायचा.

एकदा मी त्याला काठीनं चांगला झोडपला. पोरांची माय आतून म्हणाली, ‘‘त्याले काय समजस? आपला वाफा शे का गावना उकिर्डा शे, त्याले सारखंच.’’ मी म्हटलं, समजत नाही म्हणूनच तर काठी.

तेव्हा शेजारच्यानं सल्ला दिला. त्याच्याकडं जुनं दाणेदार औषध पडून होतं, फोरेट. २०२० संपलं तसं सरकारनं त्याच्या विक्रीवर बंदी आणली, पण घराघरांतल्या जुन्या पुड्या काही लगेच संपल्या नाहीत. तो म्हणाला, ‘‘भाकरमा टाकी दे भाऊ, एक रातनं काम शे.’’ मी साफ नाही म्हटलं. मुक्या जनावराला विष घालणं हा गुन्हा आहे, १९६० पासून त्याचा कायदा आहे. पण मी काही कायद्याला भिऊन नाही म्हटलं नाही. लहानपणापासून कीर्तनात नामदेवांची गोष्ट ऐकलेली. कुत्र्यानं भाकरी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी भाकरी कशी खाशील म्हणून. आपल्याला तुपाची वाटी घेऊन धावणं जमायचं नाही, पण निदान भाकरीत विष तरी घालू नये. आपण बरं वागलो असं मनात वाटलं, ते खोटं कशाला बोलू?

आठवडाभरानं मी वांग्याला आणि मिरचीला एरंडीची पेंड टाकली. एरंडाचं तेल काढल्यावर उरतो तो चोथा. शेजारचा गुजरात एरंड पिकवण्यात देशात पहिला, त्यामुळं ही पेंड आमच्या भागाला नवी नाही. नत्र भरपूर, झाड काळंभोर होतं. बुंध्याशी मूठ-मूठ टाकली, वरून माती ओढली, पाणी दिलं. पेंड भिजली की तिला वास सुटतो. आपल्याला तो कडवट लागतो, पण कुत्र्याला काहीतरी खाण्यासारखं पुरून ठेवल्यासारखं वाटतं.

सकाळी सगळी रांग उकरलेली. काठी घेऊन मी त्याच्यावर धावलो, तर तो पळालाच नाही. शेवग्याखाली उभा राहून ओकत होता. हरळी खाल्ली असेल म्हणून मी मागं फिरलो. दुसऱ्या दिवशी त्याला रक्ताची हगवण लागली. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘‘वाफ्यात काय टाकलं होतं?’’ मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्पच राहिले. मग म्हणाले, एरंडाच्या बीत रायसिन नावाचं विष असतं, ते तेलात उतरत नाही, पेंडीतच राहतं. पेंड चांगली तापवलेली नसेल तर ते तसंच असतं, आणि त्यावर उतारा नाही. ते आले, सलाइन लावलं, पोटाचं औषध दिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे कुत्रा गेला. मीच खड्डा खणला.

गल्लीत सगळे म्हणाले, ‘‘तुमचा काय दोष, तुम्ही थोडंच मुद्दाम केलं?’’ भाकरीत औषध टाकायला सांगणारा शेजारीही तेच म्हणाला. मलाही ते ऐकून बरं वाटलं.

पण रात्री खाटेवर पडलो तेव्हा एक हिशोब जुळेना. कुत्र्यानं माझी रोपं नकळत उपटली, तेव्हा मी त्याला काठी मारली. मी त्याचा जीव नकळत घेतला, तेव्हा मला माफी. एकच शब्द, नकळत. त्याच्यासाठी त्याचं माप वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं?

आणखी विचार केला तेव्हा कळलं, माझं नकळत हे खरं नकळत नव्हतंच. वडील सांगायचे, एरंडीच्या पेंडीला बैलाचं तोंड लागू द्यायचं नाही. मी स्वतः शेतात ती टाकतो तेव्हा पोतं उंच ठेवतो, गाय बांधावरून लांब बांधतो. विषाचं नाव ठाऊक नव्हतं, पण गुण ठाऊक होता. मग परसात का आठवला नाही? कारण तिथं माझं जनावर येणार नव्हतं. येणारं जनावर कुणाचंच नव्हतं. गाईसाठी जे मला न आठवता आठवतं, ते कुत्र्यासाठी मनात आलंच नाही.

मी दहावी शिकलेला माणूस, धर्मशास्त्र मला कळत नाही. पण एवढं वाटतं, की कुत्र्याचं नकळत आणि माणसाचं नकळत यांत फरक आहे. त्याला कळण्याची सोयच नाही. आपण मात्र पुष्कळदा ज्याला मोजत नाही, त्याच्याबाबत ‘कळलं नाही’ म्हणून मोकळे होतो. भाकरीत विष घालणारा निदान समोर कुत्रा आहे हे तरी धरून चालतो. मी तर त्याला धरलंच नव्हतं. दोघांचं पाप सारखं नाही, ठरवून मारणं मोठंच. पण माझं काहीच नाही, हेही खरं नाही.

त्यानंतर परसात एरंडीची पेंड टाकली नाही. चांगलं कुजलेलं शेणखत घालतो. मासळीचं पाणी, हाडं वाफ्यात पुरत नाही, त्या वासानंही कुत्री उकरतात. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. बाहेर लिंबाखाली रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतून जागा ओली करतो, शेजारी पाण्याचं भांडं ठेवतो. बहुतेक कुत्री तिथंच पडतात. तरी एखादं काटे चुकवून आत शिरतं, दोन-तीन रोपं जातात. राग येतो, काठीही हातात घेतो, पण जमिनीवर आपटतो.

पोरांची माय त्या गोष्टीबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही. फक्त दारातल्या तुकड्यासाठी आता ती एक भाकरी जास्त थापते.