चेटकिणीची प्रतिमा आणि आरोपकर्त्याचे सत्य

भयपटाच्या रूढ संकेतानुसार चेटकीण खरी असावी लागते. या संकेताचे नैतिक मूल्य काय, हा प्रश्न समीक्षेने टाळता कामा नये. सेलम येथे १६९२ मध्ये चेटुकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फाशी देण्यात आले. ते निर्दोष होते, याविषयी आज दुमत नाही. मात्र रॉबर्ट एगर्स यांच्या ‘द विच’ (२०१५) या चित्रपटात, सेलमपूर्वीच्या त्याच प्युरिटन जगात, अरण्यातील चेटकीण खरोखरच अर्भक पळवते. जी साक्ष इतिहासाने फेटाळली, ती कलाकृतीत ग्राह्य ठरते.

हेवी मेटल संगीतातील गुंतागुंत निराळी आहे. मारिओ बाव्हा यांच्या भयपटावरून नाव घेतलेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या ब्रिटिश बँडने ‘वॉर पिग्ज’ (१९७०) या गीतात युद्धखोर सेनापतींना चेटकिणींची उपमा दिली. गीताचा रोख सत्तेविरुद्ध आहे. परंतु उपमान म्हणून येतात त्या सत्तेने जाळलेल्या, फासावर चढवलेल्या स्त्रियाच. शिवाय चेटकिणींच्या रात्रीच्या मेळ्याची कल्पना बव्हंशी चौकशी करणाऱ्यांच्या ग्रंथांतून आणि छळाने मिळवलेल्या कबुलीजबाबांतून घडलेली होती.

मायकेल रीव्ह्ज यांचा ‘विचफाइंडर जनरल’ (१९६८) या परंपरेत अपवाद ठरतो. १६४५ च्या इंग्लंडमध्ये घडणाऱ्या या चित्रपटात चेटूक कोठेच नाही; आहे तो मॅथ्यू हॉपकिन्स या चेटकीण-शोधकाचा छळ आणि त्याचे मोल. येथे भय उरतेच, फक्त त्याचा उगम आरोपितांकडून आरोपकर्त्याकडे सरकतो. चेटकीण खरी नसली तर भयपट उभा राहत नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही. आणि आरोपकर्त्याचे चित्र स्वीकारणे ही कलेची अपरिहार्यता नसून निवड ठरते.