पदक कुणाचं?

14 फेब्रुवारी 2025. चीनमधल्या हार्बिन शहरात आशियाई हिवाळी खेळांचा शेवटचा दिवस. पुरुषांच्या कर्लिंगच्या फायनलमध्ये फिलिपिन्सनं दक्षिण कोरियाला 5-3 असं हरवलं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत पळायचं, तो खेळ. या स्पर्धेतलं फिलिपिन्सचं हे पहिलंच पदक, आणि तेही सुवर्ण. बातमी वाचून मला भारी वाटलं. मग खेळाडूंची नावं वाचली. त्यात मार्क आणि एन्रिको फिस्टर हे भाऊ होते. आई फिलिपिनो, पण वाढले स्वित्झर्लंडमध्ये, आणि आधी खेळलेही स्वित्झर्लंडकडूनच. मी मनात म्हटलं, ‘हात्तिच्या, मग हे कसलं फिलिपिन्सचं पदक!’

ते वाक्य अजून टोचतंय. कारण त्यामागे मी नकळत एक नियम गृहीत धरला होता : ज्या देशानं खेळाडू घडवला, पदक त्याचं. नियम वाईट नाही. फक्त तो मी मनिलाला लावला, स्वतःच्या घराला नाही.

लावून बघू. जानेवारी 2011 मध्ये डेहराडून आणि औलीला पहिले दक्षिण आशियाई हिवाळी खेळ झाले. दुसरे अजून व्हायचेत. त्यासाठी डेहराडूनला बंदिस्त आइस रिंक बांधली. खेळ संपले आणि ती बरीच वर्षं बंद पडून राहिली, कारण बर्फ टिकवायला वीज लागते आणि विजेचं बिल भरावं लागतं. 2025 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. पण 2011 साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती तोवर चोवीसची झाली होती. स्केटिंगमध्ये हीच वर्षं सगळं काही असतात. ती कुणी परत द्यायची?

किंवा शिवा केशवन घ्या. ल्यूजमध्ये, म्हणजे छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून बर्फाच्या नळीतून सुसाट खाली येण्याच्या खेळात, तो सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला, आशियाई विजेता झाला. देशात एकही ल्यूज ट्रॅक नसल्यामुळे गाडीला चाकं लावून हिमालयातल्या चालत्या रस्त्यांवर, ट्रकांच्या बाजूनं सराव करायचा. माझ्या नियमानं त्याच्या विजेतेपदात आपला वाटा किती? तरीही ती बातमी मी ‘भारताची मान उंचावली’ म्हणत शेअर केलीच असती.

बरं, नियम कडक लावला तर गरीब देशांनी कुणालाच आपलं म्हणायचं नाही, असा अर्थ निघतो. तेही मला पटत नाही. शिवाय घडवणारे नेमके कोण? महाराष्ट्रातली मुलं लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी खेळांत आइस स्केटिंगची पदकं जिंकतात. त्यातली बरीचशी सिमेंटच्या रिंकवर, चाकांच्या स्केट्सवर शिकलेली असतात. पहाटे त्यांना स्कूटरवरून सोडणारे आईबाप असतात, बुटांचे हप्ते भरणारेही तेच. हिशोबच करायचा तर पदक त्या घराचं आहे.

म्हणून आता मला वाटतं, फिस्टर भावांबद्दल माझं चुकलं. फिलिपिन्सनं त्यांना बर्फ दिला नाही, हे खरं. पण त्यांनी आईचा देश स्वतः निवडला. झेंडा ही खेळाडूनं दिलेली भेट आहे. देशानं वसूल करायचं कर्ज नाही. भेट घ्यायला लायकी लागत नाही. थोडी लाज मात्र असावी.

हे एका मित्राला ऐकवलं, तर तो वैतागला. “म्हणजे आता टाळ्याही वाजवायच्या नाहीत का?”

वाजवतो की. ‘आपण जिंकलो’ असं मात्र हल्ली पटकन तोंडातून निघत नाही.