खूण कोणाची, साक्ष कोणाची?

हिशेबतपासनिसाच्या कार्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात जे काम दिले जाते, ते वरवर पाहता अगदी क्षुल्लक असते. एका हाताशी रोजकीर्द, दुसऱ्या हाताशी व्हाउचरांची फाईल. तारीख जुळली, रक्कम जुळली, पैसे घेणाऱ्याची सही दिसली, की त्या नोंदीपुढे एक छोटीशी खूण करावयाची. दिवसभरात अशा शेकडो खुणा होतात. पूर्वी त्या हिरव्या किंवा लाल पेन्सिलीने होत. आता पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर होतात. या एवढ्याशा खुणेला काही नैतिक वजन असते काय, आणि असल्यास ते कोणी वाहावयाचे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

सनदी लेखापाल होऊ इच्छिणाऱ्याला परीक्षांच्या जोडीने अशी उमेदवारी करावीच लागते. ती पूर्वी तीन वर्षांची होती. २०२३ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. विद्यावेतन तुटपुंजे असते आणि एक कार्यालय सोडून दुसरे धरण्याची वाट सोपी नसते. मुलाच्या शिक्षणासाठी घरच्यांनी पोटाला चिमटा घेतलेला असतो. म्हणून हा प्रश्न हवेतला नाही.

राजापूरसारख्या गावाचे चित्र डोळ्यांसमोर आणू. अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर आला की जवाहर चौकात पाणी शिरते, तेव्हा इथल्या व्यापाऱ्याला मालाआधी दप्तर वर उचलून ठेवावे लागते. गिऱ्हाईक कोण, तर आंब्याचा बागायतदार, काजू फोडणारा कारखानदार, मच्छीचा व्यापारी, एखादी पतसंस्था. समजा, अशाच एखाद्या काजूच्या कारखान्याच्या मजुरीचा मस्टर नव्या उमेदवारापुढे आला आहे. बायकांची नावे, हजेरीचे दिवस, रक्कम आणि शेवटच्या रकान्यात अंगठे. बेरीज बरोबर आहे. परंतु एका पानावरचे नऊ अंगठे त्याला एकसारखे दिसतात. तो मान वर करून म्हणतो, ‘‘सर, हे सगळे अंगठे एकाच माणसाचे वाटतात.’’ सर कामात आहेत; ते माणूसही वाईट नाहीत. ‘‘अरे, मुकादमाने घेतले असतील सगळ्यांचे पैसे. टिक कर आणि पुढे चल.’’

आता या मुलाने काय करावे?

त्याच्या बाजूने पहिले उत्तर चटकन सुचते: अहवालावर सही त्याची नाही. ती सरांची आहे. २०१९ पासून तर सनदी लेखापालाच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि अहवालावर अठरा अंकी ओळखक्रमांक घालावा लागतो. मुलाच्या खुणेला क्रमांक नाही, नाव नाही. मग जबाबदारी तरी त्याची कशी?

योगायोग असा, की ‘मी वरच्यांच्या सांगण्यावरून केले’ या युक्तिवादाची एक जुनी आणि कडू कहाणी राजापुरातच घडली आहे. इंग्रजांची वखार येथे होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आपल्या सोबत्यांसह तोफ आणि दारूगोळा घेऊन तेथे गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. पुढल्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर छापा घातला, वखार लुटली आणि तेथल्या इंग्रजांना कैद केले. कैदेत खितपत पडलेल्या त्या माणसांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे गाऱ्हाणे केले. सुरतेहून आलेले उत्तर इतिहासप्रसिद्ध आहे. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडला गेला नाहीत, पन्हाळ्यावर गोळे फेकायला गेलात म्हणून पकडला गेलात. सुटका व्हायला १६६३ साल उजाडले. सगळेच काही ती पाहायला जिवंत राहिले नाहीत. कंपनीने मात्र लुटीच्या भरपाईचा पाठपुरावा सोडला नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, तेव्हाच्या तहात तो विषय होताच. रेव्हिंग्टन प्रमुख होता, त्याने ठरवले असेल; हाताखालच्यांना कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. पण तुरुंगाने असा भेद केला नाही आणि कंपनीच्या पत्रानेही केला नाही. वरिष्ठाची छत्री ऊन असेतोवर डोक्यावर असते, हा अनुभव कारकुनी पेशाला नवा नाही.

तरीही शिक्षेची भीती हे नीतीचे प्रमाण नव्हे. मूळ प्रश्न अपराधाचा आहे, आणि त्यावर ख्रिस्तसभेत फार बारकाईने विचार झालेला आहे. सतराव्या शतकातल्या काही नीतिशास्त्रज्ञांनी एक उदाहरण चर्चेला घेतले होते. धनी दुष्कृत्यासाठी परक्या घराच्या खिडकीत चढतो आहे, आणि नोकर त्याला खांदा देतो, शिडी धरतो. नोकरी जाईल, धनी मारील, या भीतीने त्याने हे केले तर त्याच्या माथी गंभीर पाप येत नाही, असे मत कोणी मांडले. १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी ते मत निषिद्ध ठरविले. पुढे संत अल्फोन्सस लिगोरी यांनी याच धाग्यावर अधिक सूक्ष्म विचार केला: दुसऱ्याच्या दुष्ट हेतूत सामील होणे वेगळे; आणि स्वतःत निर्दोष असलेली, पण दुसऱ्याने दुरुपयोग केलेली कृती करणे वेगळे. पहिल्याला क्षमापत्र नाही. दुसऱ्याच्या बाबतीत कारण किती गंभीर, कृती दुष्कर्माच्या किती जवळची, हे तोलून पाहावे लागते. (हे अल्फोन्सस मूळचे वकील. १७२३ मध्ये एका मोठ्या दाव्यात दस्तऐवजातला महत्त्वाचा मुद्दा त्यांच्या नजरेतून निसटला, दावा हरला आणि त्यांनी वकिली सोडली. कागद नीट न वाचल्याची खंत एका संताच्या आयुष्याला वळण देऊ शकते, हे आमच्या उमेदवाराने जाणून ठेवायला हरकत नाही.)

या तराजूत आपल्या मुलाची खूण घालून पाहू. सरांना चहा आणून देणे, फाईल काढून देणे, बेरजा मारणे ही कामे स्वतःत निर्दोष आहेत. सरांनी उद्या खोटा अहवाल लिहिला, तरी त्या चहाचा दोष मुलावर येत नाही. पण खूण ही चहासारखी आहे काय? माझ्या मते नाही. खूण हे एक वाक्य आहे. फक्त ते अक्षरांत लिहिलेले नाही. ‘मी हे पाहिले आणि ते बरोबर आढळले’ असे ते वाक्य, आणि त्याचा कर्ता प्रथमपुरुषी आहे. त्यावर सरांची सही चढते, सरांच्या सहीवर बँक विसंबते, बँकेवर ठेवीदार. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविषयी बोलते. साक्ष देणारा पगारी आहे की उमेदवार, ती न्यायासनापुढे दिली की रोजकीर्दीच्या समासात, याने साक्षीचे स्वरूप बदलत नाही.

दुहेरी नोंदीची पद्धत ज्याने प्रथम छापील ग्रंथात सविस्तर मांडली, तो लुका पाचोली फ्रान्सिस्कन संन्यासी होता. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या गणिताच्या ग्रंथात त्याने व्यापाऱ्याला सल्ला दिला, की पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावी. आणि विकणाऱ्याला एक, घेणाऱ्याला दुसरी अशा दोन वह्या ठेवणाऱ्यांना त्याने खोटी शपथ वाहणारे म्हटले. याचा अर्थ, हिशेबाची वही म्हणजे शपथेवरचे निवेदन ही समजूत या विद्येच्या बालपणापासूनच आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, की मुलाला काय कळते? कदाचित बायकांनी मुकादमाला खरोखरच पैसे घ्यायला सांगितले असेल. कदाचित ओल्या शाईने सगळेच ठसे सारखे दिसत असतील. मुद्दा रास्त आहे. मुलाला लबाडी सिद्ध करता येणार नाही, आणि कोणावर आळ घेणे हेही खोट्या साक्षीच्याच कुळातले पाप आहे. लेखापरीक्षक हा राखणीचा कुत्रा आहे, वास काढत फिरणारा शिकारी नव्हे, हे १८९६ मधल्या इंग्लंडमधील एका निकालातले मत प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. परंतु संशयाला जागा दिसली तर तळापर्यंत जावे, असेही त्याच न्यायमूर्तींनी बजावले होते; तो भाग बहुधा विसरला जातो.

म्हणून ‘टिक कर’ आणि ‘बंड कर’ यांच्या मधली एक अरुंद वाट उरते. जे दिसले नाही ते दिसले असे न म्हणणे. प्रत्येक कार्यालयात शंकांची यादी ठेवण्याची पद्धत असते. तिच्यात त्याने लिहावे, की अमुक पानावरील नऊ अंगठे सारखे दिसतात, मजुरी ज्याची त्याला पोचल्याची खात्री झाली नाही. खाली आपले नाव आणि तारीख. यात धन्याचा अवमान नाही, कोणावर आरोप नाही. पुढचे ठरवणे सरांचे काम. मात्र यादीत लिहिले म्हणजे हात धुऊन झाले, असे मला म्हणवत नाही. हात धुण्याचे दृश्य आपल्याला प्रत्येक शुभ शुक्रवारी आठवते.

आणि हे पहिल्या आठवड्यांतच व्हायला हवे, याचे कारण नीतीपेक्षा नजरेशी अधिक संबंधित आहे. ‘आधी शिकून घे, सनद मिळव, मग हवा तेवढा प्रामाणिक राहा,’ असे वडीलधारी माणसे मायेने सांगतात. पण सहा महिन्यांनी त्याला ते अंगठे सारखे दिसणारच नाहीत. हात सरावतो, डोळा रक्कम आणि तारीख यांच्यापलीकडे जात नाही. नवख्याला कामाची गती नसते, म्हणूनच त्याला कागद दिसतो. २००९ च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षाने कबुली दिली, की ताळेबंदातील रोख आणि बँकेतील शिलकीपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या आकड्यापुढेही वर्षानुवर्षे कोणा ना कोणा हाताने खूण केलीच असणार, आणि त्यांतले बहुतेक हात लबाडाचे नसून सरावलेले असणार, असे मला वाटते. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आधी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. त्या रांगांत उभ्या असलेल्यांना खूण म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागले नसते.

राजापूरच्या त्या मस्टरात आकडे एवढे मोठे नाहीत. नऊ बायका, काही हजार रुपये. अंगठे खोटे असतील, तर एक तर त्या बायका कामावर नव्हत्याच, किंवा होत्या आणि लिहिलेली मजुरी त्यांच्या हाती पडलेली नाही. त्या कोठे राहतात हे कारखानदाराला ठाऊक आहे, मुकादमाला ठाऊक आहे. गाव लहान असल्यामुळे कदाचित त्या मुलालाही ठाऊक असेल. त्यांना जाऊन विचारण्याचे अजून कोणी मनात आणलेले नाही.