जनुकांचा शेजार

मुंबईत चारकोपला म्हाडाच्या बैठ्या घरांच्या ओळींतून पावसाळ्यात फिरताना दाराबाहेरच्या पिंपात टॉर्च मारून पाहा. उजेड पडताच एडिस डासाच्या अळ्या वळवळत तळ गाठतात. पिंप रिकामं केलं तरी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून ते आतून घासावं लागतं.

या अळीच्या पेशीत गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात, आपल्याकडे तेवीस. हजारो जनुकं इतक्या थोड्या धाग्यांवर ओवलेली, त्यामुळे शेजारची जनुकं बहुधा एकत्रच पुढच्या पिढीत जातात. ही सहलग्नता. पण बीजपेशी घडताना जोडीतली गुणसूत्रं आपापसांत तुकडे बदलतात (पुनःसंयोजन) आणि जनुकांमधलं अंतर जितकं जास्त, तितकी त्यांची ताटातूट सोपी. जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंटने 1913 मध्ये फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला तो याच हिशेबावर.

जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत 2017 मध्ये ऑक्सिटेक कंपनीच्या जनुकबदल केलेल्या एडिसची जाळीबंद चाचणी सुरू झाली. सोडायचे ते नर, कारण ते चावत नाहीत. त्यांची बहुतेक संतती प्रौढ होण्याआधीच मरते. मारक जनुक आणि अळीला लाल चमक देणारं जनुक एकाच तुकड्यात जोडलेलं, म्हणून चमकणारी अळी म्हणजे मारक जनुकाची वाहक, हे ओळखता येतं. सहलग्नतेचा इतका नेमका उपयोग मला थक्क करतो.

मात्र थोडी संतती वाचतेच. ब्राझीलच्या जाकोबिनात असे नर सोडल्यावर स्थानिक डासांत प्रयोगशाळेतल्या वाणाची इतर जनुकं सापडल्याचं 2019 च्या एका शोधनिबंधाने दाखवलं. मारक जनुक टिकलं नाही. पुनःसंयोजनाने त्याच्यापासून सुटलेली जनुकं टिकली. त्यामुळे डास बळकट झाले असावेत, ही त्यातली सूचना मात्र निराधार होती आणि तिच्यावर आक्षेपही आले.

आपल्याकडची चर्चा 'मारक जनुक घातक आहे का' इथेच अडते. मला बाकीच्या जनुकांची काळजी जास्त वाटते. डासांच्या कॉइलमधल्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकाला दाद न देण्याचा गुण एडिसमध्ये अनेकदा मज्जापेशींच्या सोडियम-मार्गाच्या जनुकात असतो. सोडलेल्या वाणात तो नसेल, तर वाचलेली संतती इथल्या डासांतला प्रतिकार पातळ करील; असेल, तर वाढवील. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. जाळीत मृत्यू मोजता येतात, मोकळ्या वस्तीतली अनेक पिढ्यांची सरमिसळ नाही. उद्या चारकोपमध्ये असे नर सोडायचं ठरलं, तर त्या वाणाची आणि इथल्या पिंपांतल्या डासांची कीटकनाशक-चाचणी आधी शेजारी शेजारी मांडून रहिवाशांना दाखवावी.